खडपातला पट्टेरी मासा आणि नकाशावरची रेघ

नाखवा : बाई, या तळहाताएवढ्या माशाला मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणी भाव विचारत नाही. जाळ्यात चुकून आलाच तर बारक्या माशांच्या ढिगात जातो. तो माझ्या धंद्यात नाही आणि माझ्या ताटातही नाही. त्याच्याबद्दल तुम्ही इतक्या तळमळीने बोलायला लागलात की मला भीती वाटते. सुरुवात नेहमी अशा देखण्या माशापासून होते आणि शेवट नकाशावरच्या रेघेवर होतो. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतालचा भाग त्याचा गाभा धरला. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांच्या डोक्यावर एकच प्रश्न टांगलेला आहे, उद्या आपलं जाळं बंद झालं तर काय? त्यांनी विरोध केला तो माशांचा राग आला म्हणून नव्हे. आणि आपल्या रत्नागिरीत तर प्रवाळाचं बेटही नाही. प्रवाळात राहणारे मासे बघायचे तर लक्षद्वीपला जा. इथल्या गढूळ पाण्यात ते कशाला शोधता?

बाई : शोधावे लागतच नाहीत, नाखवा. पावसाळा सरून पाणी निवळलं की अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला रत्नदुर्गाच्या पायथ्याशी नाहीतर मिऱ्याच्या टोकाला कातळावर उतरा. डबक्यांमध्ये नखाएवढी पिल्लं फिरताना दिसतील. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, रंग रुपेरी, त्यावर उभे काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक. इंग्रजीत यांना सार्जंट म्हणतात, शास्त्रीय वंशाचं नाव अबुदेफदुफ. सगळ्यांत ओळखीच्या जातीला पाच पट्टे असतात, पण पट्ट्यांची संख्या आणि ठेवण वेगळी असलेल्या तिच्या बहिणीही आपल्या किनाऱ्यावर आहेत. पूर्ण वाढलेला मासा फार तर वीतभर. प्रवाळाशिवाय हा जगणार नाही, असं मी कधीच म्हटलं नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. लपायला भेग, तोंडाशी तरंगते सूक्ष्म जीव आणून देणारा प्रवाह, आणि अंडी चिकटवायला उघडा, घट्ट पृष्ठभाग. हे तिन्ही आपल्या खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ भागात, मिळतं. प्रवाळही आपल्याकडे आहेतच, फक्त चित्रातल्यासारखे फांद्याफांद्यांचे नाहीत. दगडाला धरून, पापुद्र्यासारखे किंवा गोळ्यासारखे वाढणारे, चिखल सोसणारे असे ते आहेत. काजळी, शास्त्री, मुचकुंदी पावसाळ्यात जो गाळ आणि जे गोडं पाणी समुद्रात ओततात, त्यात नाजूक प्रवाळांचा टिकाव लागत नाही. जे सोसतात ते राहतात. त्यांच्या आसऱ्याने शेवंड राहते, गोबरा राहतो, तांबोशी येते. ती मात्र तुमच्या ताटात आहे.

नाखवा : म्हणजे या माशाला दगड हवा. मग तुमची काळजी तिथेच संपते. मिऱ्याचा किनारा समुद्र खातोय म्हणून तिथे बंधारा घातला, काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड रचले. त्यांच्यामध्ये भेगाच भेगा आहेत. निवतीच्या खडकांजवळ नौदलाचं निवृत्त जहाज गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आखली गेली. त्यालाच कृत्रिम प्रवाळ म्हणतात. लोखंड झालं म्हणून काय, भिंती आहेत, खोल्या आहेत. आणि हा मासा काही नाजूक नाही. मी खोल समुद्रात तरंगणाऱ्या बांबूखाली, तुटलेल्या जाळ्याच्या गुंत्याखाली, थर्माकोलच्या तुकड्याखालीसुद्धा त्याची पिल्लं घोळका करून राहिलेली पाहिली आहेत. किनाऱ्यापासून कितीतरी वाव खोल पाण्यात! ज्याला थर्माकोलखाली घर मिळतं त्याच्यासाठी समुद्राचा तुकडा राखून ठेवायचा कशाला?

बाई : तुम्ही पाहिलंत ते अगदी खरं आहे, आणि शास्त्रातही त्याची नोंद आहे. तरंगत्या वस्तूंच्या आसऱ्याने पिल्लं लांब जातात. सुएझमार्गे या जातीचे मासे भूमध्य समुद्रातही पोचले आहेत. पण आसरा आणि घर यांत फरक करा. थर्माकोलखाली पिल्लू वाढेल, पण तिथे त्याला संसार मांडता येत नाही. त्यासाठी नराला खडक लागतो. तो एक तुकडा निवडतो, तोंडाने त्यावरचं शेवाळ उपटतो, खडे आणि शिंपल्यांचे तुकडे उचलून बाजूला टाकतो. या काळात त्याची पाठीवरची पिवळी झाक मावळते आणि अंग निळसर होतं. मग तो मादीला आणायला वर जातो. मादी येते, त्या साफ केलेल्या जागेवर लांबट अंडी एका थरात चिकटवते आणि निघून जाते. दुसरी मादीही तिथेच अंडी घालू शकते. पुढचं सगळं बापाचं काम. तो परांनी अंड्यांवर पाणी वारत राहतो, मेलेली अंडी काढून टाकतो, जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. त्याच्या दहापट मोठ्या माणसाच्या अंगावरसुद्धा! आठवड्याच्या आत, सूर्य मावळल्यावर, अंधारात पिल्लं बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. टेट्रापॉडवर असं घरटं होणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण काँक्रीटच्या फटी बहुतेक एकाच मापाच्या असतात. खडपात बोटभर भोकापासून माणूस मावेल अशा कपारीपर्यंत सगळी मापं असतात, म्हणून तिथे सगळ्या वयाचे आणि सगळ्या जातींचे जीव राहतात. आणि नवीन रचनेभोवती मासे दिसले म्हणजे मासे वाढले, असं होत नाही. कधी ते शेजारच्या खडपातून तिथे येऊन जमलेले असतात.

नाखवा : जमले तरी माझं काय बिघडलं? मला जमलेलेच मासे हवेत. जाळं टाकायचं ते मासा जमतो तिथेच.

बाई : बिघडतं ते असं. पूर्वी दोन खडपांत वाटले गेलेले मासे एका ठिकाणी गोळा झाले आणि तिथेच सगळ्यांनी जाळी टाकली, तर दोन्ही खडपं एकदम रिकामी होतात. गोबऱ्यासारखा सावकाश वाढणारा मासा तर फारच लवकर संपतो.

नाखवा : बरं, ते मान्य. पण मग मला सांगा, हा पट्टेवाला प्रवाळांचं आरोग्य दाखवतो का? तुम्ही शाळेत मुलांना तसं शिकवता असं ऐकलं. मालवणला स्नॉर्कलिंगला जाणारे लोक पाण्यात तोंड घालतात, समोर पन्नास पट्टेरी मासे फिरताना बघतात आणि म्हणतात, वा, इथला समुद्र किती जिवंत आहे!

बाई : नाही दाखवत. हेच मला आता मुलांना वेगळ्या तऱ्हेने सांगावं लागतं. 1998 साली समुद्र तापला, तेव्हा लक्षद्वीपपासून कितीतरी ठिकाणचे प्रवाळ पांढरे पडून मेले. 2010 मध्ये, 2016 मध्ये पुन्हा तेच. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते प्रकाशावर साखर करतं आणि प्रवाळ तिच्यावर जगतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं, खाली पांढरा सांगाडा दिसतो. तापमान उतरलं नाही तर प्रवाळ उपाशी मरतो. अशा वेळी जिवंत प्रवाळच खाणारे फुलपाखरू मासे आधी जातात. फांद्यांच्या आत राहणारे बारीक मासे जातात. हा पट्टेवाला राहतो. त्याला सूक्ष्म जीव चालतात, शेवाळ चालतं, अंडी चालतात, आणि पावही चालतो. प्रवाळ मरत असताना त्याची संख्या तशीच राहू शकते. पर्यटक खाऊ घालतात तिथे तर ती वाढते. म्हणून पन्नास पट्टेरी मासे ही आनंदाची खूण मानता येत नाही. कधी ती धोक्याचीही असू शकते.

इथे मला, लेखकाला, मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही. दोघांच्या बोलण्यातली सगळ्यांत मोलाची जागा मला हीच वाटते. एरवी निसर्गाची बाजू घेणारा माणूस आपला लाडका जीव साक्षीला उभा करतो. इथे बाईंनी आपल्याच साक्षीदाराची साक्ष अपुरी असल्याचं सांगितलं, आणि तरी त्याची बाजू सोडली नाही. तिथून पुढचं बोलणं जास्त अवघड झालं.

नाखवा : मग तर प्रश्नच मिटला. हा मासा खायचा नाही, विकायचा नाही, आणि समुद्राचं आरोग्यही सांगत नाही. त्याचा उपयोग एकच. माझ्या मेहुण्याचा मुलगा तारकर्लीला पर्यटकांना पाण्यात नेतो. पाव टाकला की मासे वर येतात, माणूस खूश होतो, दोन पैसे मिळतात. ज्या मुलाला बोटीवर खलाशी म्हणून राबायचं नव्हतं, त्याचं घर त्यावर चालतं. तुम्ही तोही पाव बंद करायला सांगणार?

बाई : पाव बंद करायला सांगेन, मुलाचा धंदा नाही. कारण पावापेक्षा चांगलं दाखवण्यासारखं तिथेच खाली आहे आणि ते दाखवायला तुमचा भाचाच लायक आहे. पावाने काय होतं ते बघा. मासे बोटीच्या आवाजाला सरावतात, वर येतात. अंडी सांभाळणारा नर जागा सोडून आला, किंवा पायाला फ्लिपर लावलेला माणूस अगदी जवळ गेला म्हणून घाबरून दूर झाला, तर तेवढ्यात दुसरे मासे, विशेषतः रंगीबेरंगी रॅस जातीचे मासे, घोळक्याने अंड्यांवर तुटून पडतात. काही मिनिटांत घरटं साफ होतं. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. या कुळातला नर कधी स्वतःचीच अंडी खातो. घरट्यात अंडी फार थोडी उरली, तर तेवढ्यांसाठी उपाशी राहून राखण करण्यापेक्षा ती खाऊन ताकद भरून घेणं आणि नव्या मादीसाठी जागा मोकळी करणं त्याला परवडतं. म्हणजे तुमच्या पर्यटकाने अर्धं घरटं उद्ध्वस्त करायला लावलं, तर उरलेलं अर्धं बापच संपवू शकतो. नुकसान अर्ध्यावर थांबेल असं धरून चालता येत नाही.

नाखवा : हे मला माहीत नव्हतं. पण बाई, यातून तुम्ही स्वतःच अडचणीत येता. पिल्लं अंधारात निघून जातात म्हणालात. किती दिवस भटकतात?

बाई : साधारण दोन-तीन आठवडे.

नाखवा : मग हिशोब करा. आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे ओढतो आणि थंडीत उत्तरेकडे. हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. दिवसाला पंधरा किलोमीटर वाहत गेलं तरी आठवड्याभरात मालवणचं पिल्लू रत्नागिरीत. दोन आठवडे म्हणजे त्याहून दुप्पट. थंडीत मालवणने राखलेलं पिल्लू आमच्याकडे येणार आणि पावसाळ्यात आमचं तिकडे जाणार. मग ज्या गावाने आपलं खडप मोकळं ठेवलं, जाळं उचललं, त्याचा फायदा शंभर किलोमीटरवरच्या गावाला. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून लांब, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक आहे. पाण्याखालचं केवढं मोठं पठार! तिथून सुटलेली पिल्लं कुठल्या गावाची? तुमची 29 चौरस किलोमीटरची रेघ या वाहत्या पिल्लांना काय करणार? रेघेमुळे फक्त मीच अडतो.

बाई : तुमचा हिशोब पाण्याचा आहे, पिल्लाचा नाही. पिल्लू काही पाण्यात टाकलेली काडी नव्हे. पहिल्या दिवसांत ते खरोखर वाहतं, पण दुसऱ्या आठवड्यापासून चांगलं पोहतं. त्याला वास येतो, आवाज येतो. खडपाचा आवाज असतो. टिचक्या वाजवणाऱ्या कोळंब्यांचा सतत तडतडाट, माशांचे घुरघुराट. ऑस्ट्रेलियात निर्जीव ढिगाऱ्यांवर असा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला, तेव्हा शांत ढिगाऱ्यांपेक्षा तिथे जास्त पिल्लं येऊन बसली. तुमच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर देणारा प्रयोग ग्रेट बॅरिअर रीफमधल्या लिझर्ड बेटावर झाला, आणि तोही याच माशाच्या चुलत भावावर. तिथल्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक अंड्यांतल्या जिवांना टेट्रासायक्लिन या औषधाने खूण केली. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो, त्यात ती खूण कायमची राहते. मग बेटावर परत येऊन बसलेली सुमारे 5,000 पिल्लं पकडून तपासली. त्यात 15 खुणेची निघाली.

नाखवा : पंधरा? पाच हजारांत?

बाई : थांबा. सगळ्या अंड्यांना खूण केली नव्हती, अगदी थोड्या भागालाच केली होती. तो भाग लक्षात घेऊन हिशोब मांडला, तेव्हा कळलं की परतलेल्या पिल्लांपैकी 15 ते 60 टक्के त्याच बेटावर जन्मलेली असावीत. 1999 साली हे छापून आलं, तेव्हा सगळी पिल्लं दूर वाहून जातात असं मानणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. म्हणून राखणीचा फायदा दुसऱ्यालाच, हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नाही. काही पिल्लं घरी परततात, काही परगावी जातात. दोन्ही होतं.

नाखवा : बाई, 15 ते 60 टक्के हे उत्तर झालं का? मी बँकेकडे कर्ज मागायला गेलो आणि म्हणालो, यंदा माझी कमाई 15 हजार असेल किंवा 60 हजार, तर बँक मला कर्ज देईल? आणि ते ऑस्ट्रेलियातलं बेट. आमच्याकडे वर्षातून दोनदा प्रवाह उलटतो. ज्या महिन्यात नर अंडी राखतो, त्या महिन्यात पाणी कुठे जातंय यावर सगळं ठरणार. हे तुमच्याच बोलण्यातून निघतं.

बाई : निघतं. आणि तुमचा हा मुद्दा मला नुसता अडथळा वाटत नाही. रेघ एकाच जागी, बारा महिने, एकाच नियमाने मारणं आपल्या किनाऱ्याला शोभत नाही, असं त्यातून मलाही दिसतं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची पावसाळी मासेमारी बंदी तुम्ही पाळता. ती जागेची रेघ नाही, वेळेची आहे. तुमच्या आजोबांच्या काळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात जात नसे, तीही वेळेचीच. मग एखाद्या खडपावर अंडी राखायच्या हंगामापुरती, त्या गावाने स्वतः ठरवलेली राखण का असू नये? तिथे नांगर टाकायचा नाही, पाव टाकायचा नाही, तळाला जाळं लावायचं नाही. बाकीचं वर्ष खुलं.

नाखवा : आता तुम्ही माझ्या भाषेत बोलता आहात, म्हणून मला जास्त सावध राहायला हवं. एक ऐका. 2001 साली सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाबरोबर. तेव्हापासून जाळ्यात प्रवाळाचा तुकडा आला तरी आमच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 2017 पासून एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला बंदी आहे. तरी रात्री समुद्रात तो उजेड मी डोळ्यांनी पाहतो. म्हणजे काठावरच्या होडीवाल्याला कायदा लगेच सापडतो आणि दूरच्या मोठ्या बोटीला सापडत नाही. गावाने राखण ठरवली तर ती आमच्यातलेच लोक पाळतील, हे मला माहीत आहे. पाळतीलच. पण परगावची बोट आली तर?

बाई : त्यासाठीच ती राखण कायद्यात लिहून घ्यावी लागेल.

नाखवा : आणि लिहिली की ती आमची राहत नाही. मग पुन्हा रेघच झाली. हा गुंता तुमच्या माशाने घातलेला नाही, पण सुटेल तर त्याच्याच खडपावर. मला सांगा, कुठून सुरुवात करणार?

बाई : मिऱ्याच्या टोकाबाहेरच्या खडपापासून. तिथे घरटी आहेत, प्रवाळ आहेत, आणि ओहोटीला शाळेच्या मुलांना चालत काठापर्यंत नेता येतं.

नाखवा : तिथे माझे दोन चुलत भाऊ शेवंडीची जाळी लावतात. हंगाम तोच. शेवंड निर्यातीला जाते, तेवढ्या दिवसांवर त्यांचं वर्ष उभं असतं. तुम्ही त्यांच्यासमोर बसून हे सगळं सांगा, बापाची राखण, कानातला खडा, सगळं. ते ऐकतील. पण ते तुम्हाला एकच विचारतील, आम्ही जाळी उचलली आणि त्याच दिवशी पर्यटकांची बोट येऊन तिथे नांगर टाकून उभी राहिली, तर तिला हटवायचा अधिकार आमच्या हातात असेल का? त्याचं उत्तर घेऊनच या.

बाई : अधिकार तुमच्याकडे असावा, असं मी म्हणेन. पण तुमच्यापैकीच कुणी त्या अधिकाराने उद्या तिथे स्वतःचा स्नॉर्कलिंगचा धंदा सुरू केला, तर त्याला कोण हटवणार, हे मीही त्यांना विचारेन.